शंभर टक्क्यांतून वगळलेलं एक मत

१० एप्रिल १९३८ हा झावळ्यांचा रविवार होता. ऑस्ट्रियात सकाळी चर्चमध्ये मिस्सा झाली, आशीर्वादित फांद्या घरोघरी गेल्या आणि त्याच दिवशी लोक मतदानालाही गेले. चार आठवड्यांपूर्वी, १२ मार्चला, जर्मन फौजा देशात शिरल्या होत्या. आता त्यावर जनतेचा शिक्का हवा होता. मतपत्रिकेवर दोन वर्तुळं होती : 'हो'साठी मोठं, ठसठशीत, 'नाही'साठी कडेला लहानसं. ज्यूंना मताधिकार नव्हता, राजकीय विरोधक तुरुंगात तरी होते किंवा यादीतून गळलेले. कित्येकांनी पडद्याआड न जाता सगळ्यांदेखत 'हो'वर फुली मारली, कारण आडोसा शोधणाऱ्यावरच डोळा जायचा. ऑस्ट्रियाचा निकाल लागला : ९९.७३ टक्के 'हो'.

सांक्ट राडेगुंड नावाच्या जेमतेम पाचशे वस्तीच्या खेड्याने मात्र त्यावरही कडी केली. तिथला निकाल पूर्ण १०० टक्के जाहीर झाला. तो खोटा होता. त्या गावातून एक 'नाही' पडलं होतं आणि गावच्या कारभाऱ्यांनी ते वर कळवलंच नाही. गावाच्या नावाला डाग नको, उगाच चौकशीचा ससेमिरा नको, आणि कदाचित मत देणाऱ्याचाही जीव वाचावा, असं सगळंच त्यात असणार. त्या कारभाऱ्यांना खलनायक ठरवायला माझं मन धजत नाही. पण गंमत बघा, एकमत सिद्ध करायला एक मत गिळावं लागलं.

ते मत फ्रान्झ येगरश्टेटर नावाच्या तिशीतल्या शेतकऱ्याचं होतं. पाच वर्षांनी त्याने हिटलरच्या सैन्यात लढायला नकार दिला आणि त्याचा शिरच्छेद झाला. २००७ साली कॅथलिक चर्चने त्याला 'धन्य', म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचा, घोषित केलं. टेरेन्स मॅलिकचा २०१९ मधला 'अ हिडन लाइफ' हा चित्रपट काहींनी पाहिला असेल. त्यातले गगनाला भिडणारे डोंगर बहुतेक इटलीच्या हद्दीतल्या दक्षिण टिरोलचे आहेत. खरं सांक्ट राडेगुंड साल्झाख नदीकाठच्या सौम्य टेकड्यांमधलं, कुरणं आणि गाईगोठ्यांचं गाव आहे. नदीपलीकडे बव्हेरिया, म्हणजे जर्मनी. गाव ज्या जिल्ह्यात येतं त्याचं मुख्य ठिकाण ब्राउनाउ, हिटलरचं जन्मगाव. आणि नदीपल्याडच्या टिटमोनिंगमध्ये योझेफ रात्सिंगर नावाच्या मुलाने लहानपणीची काही वर्षं काढली. तेच पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले आणि फ्रान्झला 'धन्य' ठरवणारा निर्णय त्यांच्याच कारकिर्दीत झाला. भूगोल कधी कधी कादंबरीकारालाही लाज वाटेल इतके योगायोग जुळवून आणतो.

फ्रान्झ काही जन्मजात संत नव्हता. २० मे १९०७ ला तो जन्मला तेव्हा आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं; दोघेही दुसऱ्यांच्या शेतावर राबणारे, लग्नाचा खर्च झेपणार नव्हता. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. आईने पुढे हाइनरिख येगरश्टेटर या शेतकऱ्याशी लग्न केलं आणि त्याने पोराला आपलं नाव दिलं. शिक्षण एका खोलीच्या शाळेत. वाचनाची गोडी मात्र सावत्र आजोबांनी लावली. विशीत तो आयझेनएर्झच्या लोखंडाच्या खाणीत कामाला गेला आणि परतला तो मोटारसायकलवर. गावातली ती पहिली मोटारसायकल. मारामाऱ्या केल्या, पोरींच्या मागे फिरला, लग्नाआधी एका मुलीचा बापही झाला. १९३६ च्या पवित्र गुरुवारी, ९ एप्रिलला, फ्रान्झिस्का श्वानिंगरशी त्याचं लग्न लागलं आणि दोघं मधुचंद्राला गेली ती थेट रोमला. पुढे गावकरी म्हणायचे की बायकोनेच त्याला एवढा देवभोळा केला. त्यांच्या सुरात कौतुक कमी आणि तक्रार जास्त असे.

मला ज्याचं नवल वाटतं ते इथून पुढे सुरू होतं. हौतात्म्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिंह, सम्राट, चिडलेला जमाव असं काहीतरी येतं. फ्रान्झवर जे दडपण आलं त्यात आरडाओरडा फारसा नव्हता. ते आलं आईकडून, नातलगांकडून, धर्मगुरूंकडून, बिशपकडून, सरकारने नेमून दिलेल्या वकिलाकडून. सगळे त्याचं भलं चिंतणारे. बरेचसे मनातून हिटलरच्या विरोधातलेही. आणि प्रत्येकाकडे त्याला समजावण्यासाठी एक शहाणपणाची गोष्ट होती.

आधी बिशपांचं पाहू. १८ मार्च १९३८ ला ऑस्ट्रियाच्या बिशपांनी एक जाहीर निवेदन काढलं. त्यात नव्या राजवटीच्या सामाजिक कामाची वाखाणणी होती आणि जनमतात जर्मन राष्ट्राशी निष्ठा दाखवणं हे कर्तव्य मानलं होतं. ते चर्चमधून वाचून दाखवलं गेलं. व्हिएन्नाचे कार्डिनल इनित्झर यांनी सोबतच्या पत्रावर स्वतःच्या हाताने 'हाइल हिटलर' लिहिलं. चर्चच्या संस्था, शाळा, आश्रम वाचावेत हा हिशेब त्यामागे होता. तो फसला. रोमने इनित्झरांना बोलावून कानउघाडणी केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात हिटलर युवकांच्या टोळक्याने त्यांच्याच निवासस्थानावर हल्ला करून मोडतोड केली. पण मतदानाआधी गावच्या चर्चमधल्या बाकावर बसलेल्या शेतकऱ्याच्या कानावर शब्द पडले ते बिशपांच्या निवेदनाचे. धर्माने 'हो' म्हणायला सांगितलं असताना धर्मासाठीच 'नाही' म्हणायचं, हा पेच त्याच्यापुढे होता.

त्या वर्षीच्या जानेवारीत फ्रान्झला एक स्वप्न पडलं होतं. डोंगराला वळसा घालत एक झोकदार आगगाडी येते, लहानथोर सगळे तिच्याकडे धावतात, कुणी मागे राहायला तयार नाही. मग एक आवाज येतो की ही गाडी नरकाकडे चालली आहे. पुढे काही वर्षांनी त्याने हे वहीत लिहून काढलं आणि ती गाडी म्हणजे नाझी राजवट असा अर्थ लावला. नाझी सत्ता आल्यावर गावचा मेयर हो म्हणून विचारणा झाली, त्याने नाकारली. पक्षासाठी फिरणाऱ्या वर्गणीत पैसे घातले नाहीत. सरकारकडून मिळणारा मुलांचा भत्ताही घेतला नाही. बरं, तो सैन्यात गेलाच नाही असंही नाही. १९४० मध्ये बोलावणं आलं तेव्हा तो हजर झाला, शपथही घेतली, काही महिने प्रशिक्षण घेतलं. गावाने खटपट करून, शेतीला माणूस हवा म्हणून, एप्रिल १९४१ मध्ये त्याला घरी आणलं. या काळात मनोरुग्णांना पद्धतशीरपणे मारलं जातंय हे त्याच्या कानावर आलं. घरी आला तो ठरवूनच की पुन्हा बोलावलं तर जायचं नाही.

आता वेळ होता, आणि त्याने तो विचार करण्यात घालवला. गावच्या चर्चची देखभाल करायचं, घंटा वाजवायचं, मिस्सेची तयारी करायचं काम त्याच्याकडे आलं. दिवसभर शेत आणि संध्याकाळी वही. या वह्या सुदैवाने शिल्लक आहेत. धर्मशास्त्राचा एकही वर्ग न केलेला माणूस त्यात मोठमोठ्या विद्वानांनी टाळलेले प्रश्न सरळ विचारतो. हे युद्ध देवहीन बोल्शेविझमविरुद्ध आहे असं प्रवचनातून सांगितलं जाई. फ्रान्झ विचारतो की मग रशियातली खनिजं, तेलविहिरी आणि सुपीक जमिनी यांचा हिशेब कशाला चाललाय? लुटालुटीला जाणाऱ्या फौजेत उभं राहायचं आणि आपण धर्मरक्षण करतोय म्हणायचं, हे त्याच्या गळी उतरेना.

त्याच्यापुढे सगळ्यात जड धोंडा म्हणून ठेवलं जाई ते रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायातलं पौलाचं सांगणं : प्रत्येकाने राज्यसत्तेच्या अधीन राहावं, कारण सत्ता देवाने नेमलेली आहे. हे वचन तेव्हाच्या युरोपात नाण्यासारखं फिरत होतं. कुणी शंका काढली की ते पुढे करायचं. पण बायबलात प्रेषितांची कृत्येही आहेत. तिथे ५व्या अध्यायात पेत्र आणि त्याचे सोबती न्यायसभेपुढे उभे राहून सांगतात की माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे. या दोहोंचा मेळ कसा घालायचा? चर्चच्या परंपरेत याला एक रुळलेलं उत्तर होतं : युद्ध न्याय्य आहे की नाही हे सामान्य माणसाला ठरवता येत नाही, त्याच्याजवळ तेवढी माहिती नसते, शंका असेल तर वरच्याची आज्ञा पाळावी, पाप लागलंच तर ते आज्ञा देणाऱ्याला. उत्तर वरवर दयाळू आहे. सामान्य माणसाच्या डोक्यावरचं ओझं ते काढून घेतं.

फ्रान्झने ते ओझं काढून घेऊ दिलं नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं की ज्याला खरोखर शंका आहे त्याने आज्ञा पाळावी हे ठीक. पण मला शंकाच नाही, मला दिसतंय. देवाने बुद्धी आणि विवेक मला दिलाय तो वरच्याकडे गहाण टाकायला नाही. बायकामुलांचा विचार कर असं सांगणाऱ्यांना त्याने लिहिलं की बायको आहे, मुलं आहेत, म्हणून देवाचा अपराध करायची परवानगी मिळते असं त्याला कुठे आढळत नाही. हे वाक्य वाचून मी दर वेळी थबकतो. मोठी पाच वर्षांची, मधली चारची, धाकटी तीनचीही नव्हती. त्याच्या उत्तराशी सहमत होणं सोपं नाही, आणि जे सहज सहमत होतात त्यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही.

तो लिंझला बिशप योझेफ फ्लीसर यांना भेटायला गेला. फ्रान्झिस्का बाहेर थांबली होती. बिशपांनी वर सांगितलेलं रुळलेलं उत्तर त्याला दिलं : राज्यकर्त्यांच्या कृत्याची जबाबदारी एका खाजगी माणसावर येत नाही, तू घराकडे बघ. फ्रान्झ बाहेर आला तो खिन्न होऊन. फ्रान्झिस्काने पुढे सांगितलं की त्याच्या मते बिशपांना मोकळं बोलायची भीती वाटली असावी. हा माणूस गुप्तहेर नसेल कशावरून? हे कळल्यावर बिशपांचा राग यावा की कीव, ठरवता येत नाही. येशूला शिक्षा देणाऱ्या पिलाताच्या गोष्टीतही तसंच आहे. आरोपी निर्दोष आहे हे त्याला कळलेलं असतं, अधिकार हातात असतो, सत्याबद्दल तो प्रश्नही विचारतो. आणि मग जमावाकडे बघून हात धुवायला पाणी मागवतो. शुभवर्तमान त्याला क्रूर ठरवत नाही. तो फक्त एका कठीण सकाळी व्यवहारी वागला.

इथे मी जरा वाट सोडून एका प्रयोगशाळेकडे जातो.

फ्रान्झ जन्मला त्याच १९०७ साली वॉर्सात सॉलोमन ॲश नावाचा ज्यू मुलगा जन्मला. तो तेराव्या वर्षी अमेरिकेत आला आणि मानसशास्त्रज्ञ झाला. दुसरं महायुद्ध संपल्यावर काही वर्षांत त्याने एक अगदी साधा प्रयोग मांडला. एका खोलीत सात-आठ तरुण. समोर एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी पहिलीच्या लांबीची कोणती, एवढंच सांगायचं. उत्तर लहान पोरालाही दिसेल असं. पण खोलीतले एक सोडून सगळे आधीच पढवलेले. ठरल्या वेळी ते एकापाठोपाठ एक, बिनदिक्कत, चुकीची रेघ सांगतात. पाळी येते त्या एकट्याची. तो डोळे चोळतो, पुढे वाकून बघतो, कसनुसं हसतो. अशा फेऱ्यांमधली सुमारे ३७ टक्के उत्तरं गर्दीच्या बाजूने चुकली. एकट्याने रेघा बघून उत्तर लिहायचं असतं तेव्हा जवळजवळ कुणीच चुकत नव्हतं. साधारण एक चतुर्थांश लोक मात्र एकदाही ढळले नाहीत.

मला या प्रयोगाचा पुढचा भाग जास्त थरारक वाटतो, आणि तो फारसा सांगितला जात नाही. ॲशने पढवलेल्यांपैकी फक्त एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. बाकी सगळे पूर्वीसारखेच चुकीचं सांगत होते. चुका एकदम चौथाईवर आल्या! एक सोबती पुरला. मग त्याने आणखी दोन खोड्या केल्या. एकात तो सोबती मध्येच फितूर होऊन गर्दीला मिळायचा. तसं झालं की चुका झपकन वर चढत. दुसऱ्यात तो काही निमित्त सांगून खोलीबाहेर निघून जायचा. तेव्हाही चुका वाढल्या, पण तेवढ्या नाहीत. सोबती निघून गेला तरी त्याचं बळ खोलीत थोडं उरत होतं.

आता पुन्हा फ्रान्झकडे. त्याच्या खोलीत सोबती कोण होतं?

फ्रान्झिस्का. सुरुवातीला तिनेही त्याला जीव धोक्यात घालू नको म्हणून विनवलं होतं. पण घरीदारी सगळेच त्याच्याशी भांडताहेत, त्याला टोचून बोलताहेत हे पाहिल्यावर ती गप्प झाली आणि त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. म्हातारपणी तिने याचं कारण अगदी साधं सांगितलं : मीही साथ दिली नसती तर त्याला कुणीच उरलं नसतं. ती काही युद्धावरचे प्रबंध वाचून त्या निर्णयाला आली नव्हती. नवऱ्याला एकटं पडू द्यायचं नाही, एवढ्यावर तिने सगळं पणाला लावलं.

२३ फेब्रुवारी १९४३ ला बोलावणं आलं. १ मार्चला तो एन्सच्या छावणीत हजर झाला आणि लढणार नाही असं सांगून मोकळा झाला. लिंझच्या लष्करी तुरुंगातून मे महिन्यात त्याला बर्लिनच्या टेगेल तुरुंगात हलवलं. ईस्टरच्या सुमारास फ्रान्झिस्काने तिन्ही मुलींचा एक फोटो पाठवला. त्यात मुलींच्या हातात एक पाटी आहे आणि तिच्यावर लिहिलंय की बाबा, लवकर या. त्या माउलीने हा फोटो पाठवताना काय विचार केला असेल याचा मी पुष्कळदा अंदाज बांधतो. त्याला खचवायला तो पाठवलेला नव्हता हे नक्की. पण तुरुंगात त्या फोटोकडे बघून तसंच ठाम राहायचं, हे साखळदंडापेक्षा अवघड असणार.

टेगेलमध्ये हाइनरिख क्रॉइत्सबेर्ग हे धर्मगुरू कैद्यांना भेटत. त्यांनी फ्रान्झला एक गोष्ट सांगितली. वर्षापूर्वी फ्रान्झ रायनिश नावाच्या एका ऑस्ट्रियन धर्मगुरूने हिटलरच्या नावाची शपथ घ्यायला नकार दिला होता. त्यालाही वरिष्ठांनी परोपरीने समजावलं होतं. तो बधला नाही, आणि ऑगस्ट १९४२ मध्ये ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला. हे ऐकून फ्रान्झचा चेहरा असा उजळला की तुरुंगात एवढा आनंदी माणूस आपण पाहिला नाही, असं क्रॉइत्सबेर्ग यांनी पुढे लिहून ठेवलं. ज्या वाटेने आपण एकटेच चाललोय असं वाटत होतं तिथे आधीच कुणाची तरी पावलं उमटलेली होती. तो सोबती मेलेला होता, कधी भेटलेला नव्हता, तरी पुरला. ॲशचा प्रयोग अजून व्हायचा होता.

(हेही सांगायला हवं की नकार देणारे फक्त हे दोघेच नव्हते. यहोवाच्या साक्षीदारांपैकी शेकडो जणांना याच कारणासाठी देहदंड झाला. पण त्यांच्यामागे त्यांचा अख्खा पंथ उभा होता. कॅथलिकांमध्ये नकार देणारा आपल्याच पंथाच्या विरुद्ध जात होता.)

६ जुलै १९४३ ला बर्लिनच्या सर्वोच्च लष्करी न्यायालयाने सैन्याचं मनोधैर्य खच्ची केल्याच्या गुन्ह्याखाली त्याला मृत्युदंड दिला. निकालपत्रात एक नोंद आहे : ख्रिस्ती दयाबुद्धीने आपण रुग्णसेवक म्हणून काम करायला तयार आहोत, असं आरोपी म्हणतो. म्हणजे त्याला मरायची हौस नव्हती, जखमींना उचलायला तो तयार होता. न्यायालयाने ते मानलं नाही. वकील फेल्डमान यांनी जीव तोडून समजावलं की लाखो कॅथलिक लढताहेत, धर्मगुरूही सैन्यात आहेत, एकाही बिशपने तुमच्यासारखं सांगितलेलं नाही; मग तुम्ही कोण? याला फ्रान्झकडे एकच उत्तर होतं : त्यांना जे दिसलं नाही ते मला दिसलंय, आणि आता ते दिसलं नाही असं मला म्हणता येत नाही.

वकिलांनीच खटपट करून जुलैत भेट घडवली. फ्रान्झिस्का आणि गावचे तरुण धर्मगुरू फ्युर्टहाउअर बर्लिनला गेले. वीस मिनिटं मिळाली. त्यातला बराच वेळ धर्मगुरूंनी त्याचं मन वळवण्यात घालवला. फ्रान्झने मुलींसाठी चॉकलेट जपून ठेवलं होतं. फ्युर्टहाउअर पुढे म्हणाले की मला त्याचा जीव वाचवायचा होता, पण खोट्याच्या जोरावर वाचलेला जीव त्याला नको होता. मन वळवायला आलेल्या माणसाचीच ही साक्ष आहे, म्हणून तिला वजन आहे.

९ ऑगस्टला दुपारी ब्रांडेनबुर्गमध्ये त्याला सांगण्यात आलं की आज चार वाजता. शेवटच्या तासांत सोबत असलेले धर्मगुरू अल्बर्ट योखमान यांच्या सांगण्यानुसार टेबलावर एक कागद पडलेला होता. त्यावर सही केली की तो वाचणार होता. त्याने तो बाजूला सारला. चार वाजता गिलोटिनखाली त्या दिवसाच्या सोळा कैद्यांमध्ये पहिला तोच गेला. संध्याकाळी योखमान तिथल्या ऑस्ट्रियन धर्मभगिनींना म्हणाले की आयुष्यात मला भेटलेला हा एकच संत. त्या भगिनींनी त्याच्या अस्थी जपून ठेवल्या आणि १९४६ मध्ये त्या सांक्ट राडेगुंडला पोहोचवल्या.

गोष्ट इथे संपायला हवी होती. ज्यांनी त्याला समजावलं त्यांना तशी खात्रीही होती. तुझ्या मरण्याने काय होणार, कुणाला कळणारही नाही, हा सगळ्यांचा शेवटचा मुद्दा होता. तो बरीच वर्षं खरा ठरला. जर्मनी युद्ध हरली, हिटलर गेला, तरी गावाचं मन बदललं नाही. प्रत्येक घरातून कुणीतरी लढायला गेलेलं. फ्रान्झ बरोबर होता म्हणायचं तर आपला मेलेला मुलगा कशासाठी मेला? फ्रान्झिस्काकडेच बोट दाखवलं गेलं. युद्धविधवांना मिळणारं निवृत्तिवेतन तिला १९५० पर्यंत नाकारलं, कारण नवरा युद्धात पडला नव्हता. १९४६ मध्ये धर्मप्रांताच्या नियतकालिकात त्याच्यावर लेख यायचा होता, तो बिशप फ्लीसर यांनी थांबवला. त्यांच्या मते खरे वीर म्हणजे कर्तव्य करताना रणांगणावर पडलेले कॅथलिक तरुण. आपलं त्या दिवशीचं उत्तर चुकलं असं त्यांनी मानलं नाही.

मग एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आला. गॉर्डन झान स्वतः कॅथलिक आणि महायुद्धात शस्त्र न उचलणारा. जर्मन कॅथलिकांनी हिटलरच्या युद्धांना साथ का दिली याचा तो अभ्यास करत होता. क्रॉइत्सबेर्ग यांनी रायनिशवर लिहिलेल्या पुस्तकात त्याला एका अनाम वाटणाऱ्या शेतकऱ्याची हकिगत दिसली. तो सांक्ट राडेगुंडला गेला, गावकऱ्यांशी बोलला, आणि १९६४ मध्ये त्याचं पुस्तक आलं. रायनिशने फ्रान्झला धीर दिला होता. आता रायनिशच्याच चरित्राच्या पानांतून फ्रान्झ जगासमोर आला.

इथे या कथेत अचानक मुंबई येते. थॉमस रॉबर्ट्स हे इंग्लिश जेझुइट १९३७ पासून मुंबईचे आर्चबिशप होते. त्या गादीवर आळीपाळीने पोर्तुगीज आणि इंग्रज बसायचे. आपल्यानंतर भारतीय आर्चबिशप हवा असा त्यांचा आग्रह, आणि तो त्यांनी मजेशीर पद्धतीने तडीस नेला. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस यांना सहायक बिशप करून घेतलं, कारभार त्यांच्या हाती दिला आणि स्वतः परदेशी निघून गेले. १९५० मध्ये रीतसर राजीनामा दिला. ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप आणि पुढे भारताचे पहिले कार्डिनल झाले. खुर्ची सोडता येणाऱ्या या माणसाने नंतर अधिकाराचा वापर आणि गैरवापर यावर एक पुस्तकही लिहिलं आणि वरिष्ठांचा रोषही पत्करला.

१९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन महासभेत युद्ध आणि शांतता यांवर चर्चा चालू असताना रॉबर्ट्स यांनी आपलं निवेदन दिलं ते फ्रान्झ येगरश्टेटरबद्दल. जगभरच्या बिशपांपुढे त्यांनी एका शेतकऱ्याचं प्रकरण ठेवलं : याच्या विवेकाला त्याच्या धर्मगुरूंनी आणि बिशपांनी आधार दिला नाही, तो सगळ्यांविरुद्ध एकटा बरोबर होता, आणि पुढच्या वेळी असा माणूस आपल्या दाराशी आला तर आपण त्याला काय सांगणार आहोत? ७ डिसेंबर १९६५ ला महासभेने आधुनिक जगातल्या चर्चविषयीचा दस्तऐवज संमत केला. त्याच्या ७९व्या परिच्छेदात म्हटलंय की विवेकामुळे शस्त्र घ्यायला नकार देणाऱ्यांसाठी कायद्यात माणुसकीची तरतूद असावी हे योग्य वाटतं, मात्र त्यांनी समाजाची सेवा दुसऱ्या कुठल्या रूपात करायची तयारी दाखवावी. भाषा जपून, जरा कोमटच. 'योग्य वाटतं' यापेक्षा ठाम क्रियापद रॉबर्ट्स यांना नक्की आवडलं असतं. रुग्णसेवक व्हायची फ्रान्झची तयारी मात्र या वाक्यात नेमकी बसते.

ऑस्ट्रियाने १९७५ पासून लष्करी सेवेऐवजी नागरी सेवा करण्याची सोय कायद्याने केली. तिथले हजारो तरुण दर वर्षी रुग्णवाहिकांवर, वृद्धाश्रमांत आणि अपंगांच्या संस्थांत ती सेवा करतात. फ्रान्झचा मृत्युदंड बर्लिनच्या न्यायालयाने १९९७ मध्ये रद्द ठरवला. २६ ऑक्टोबर २००७ ला लिंझच्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे ज्या धर्मप्रांताने त्याच्यावरचा लेख छापू दिला नव्हता तिथेच, त्याला 'धन्य' घोषित केलं गेलं. चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्झिस्का मुलींसह तिथे हजर होती. नवऱ्यामागे गावच्या चर्चची देखभाल तिनेच अनेक वर्षं केली होती. शंभरी पूर्ण करून मार्च २०१३ मध्ये ती गेली.